परुळेकर डॉक्टरांचे छर्रे

परुळेकर डॉक्टर दर शुक्रवारी संध्याकाळी छऱ्यांना आंघोळ घालतात.

छर्रे म्हणजे छऱ्याच्या बंदुकीतले, शिशाचे, मुगाच्या दाण्याएवढे. नवा डबा आला की ते तो चहाच्या गाळणीत ओततात, कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकतात आणि गाळणी अशी हळुवार हलवतात की कुणाला वाटावं, आत तान्हं बाळ आहे. मग छर्रे टॉवेलवर पसरून हेअर ड्रायरने वाळवायचे. डॉक्टरांच्या डोक्यावर केस नाहीत. ड्रायर फक्त छऱ्यांसाठी घेतलेला आहे. आयर्लंडमधल्या कासलबारला त्यांच्या शेजारी राहायला आलो त्याच आठवड्यात मी हा सोहळा पाहिला आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, "केतकी, शेजार बदलून मिळतो का बघ." ती म्हणाली, भाडेकरार वर्षाचा आहे. त्याला आता चार वर्षं झाली.

डॉक्टर इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही. दिवसभर माणसांना झोपवून येतात आणि संध्याकाळी छर्रे निवडायला बसतात. सोनाराकडे असतो तसा एक छोटा काटा आहे. चिमट्याने एक छर्रा उचलायचा, काट्यावर ठेवायचा, आकडा बघायचा, मग काचेवर गडगडवायचा. सरळ गेला तर ठीक, वाकडा गेला तर वाईट. शेवटी बर्फाच्या ट्रेमध्ये वर्गवारी. ट्रेवर चिकटपट्टी लावून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलंय: 'उत्तम', 'चालेल' आणि 'टॉम'.

टॉम हा त्यांच्या नेमबाजी क्लबातला म्हातारा मेंढपाळ. दरवर्षी पहिला नंबर त्याचाच. तो छर्रे कोटाच्या खिशातून काढतो, आणि त्या खिशात कुत्र्याच्या बिस्किटांचा चुराही असतो. डॉक्टरांचा दरवर्षी दुसरा नंबर. टॉमचा खिसा हे त्यांच्या आयुष्यातलं फार जुनं दुखणं आहे. म्हणून टाकाऊ छऱ्यांच्या कप्प्याला त्याचं नाव.

खरं तर डॉक्टरांना घरी काडतुसं भरायची आहेत. कुडाळजवळच्या त्यांच्या गावी त्यांचे वडील डुकरांपासून शेत राखायला बंदूक बाळगून होते आणि काडतुसं घरीच भरायचे. ते डॉक्टरांच्या डोक्यात बसलंय. इथे आयर्लंडमध्ये तशी सहजासहजी परवानगी मिळत नाही. तरी बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण आलं की डॉक्टर ठाण्यावरच्या सार्जंटला तोच प्रश्न विचारतात, आणि सार्जंट दरवेळी तितक्याच प्रेमाने म्हणतो, "डॉक्टर, तुम्ही गोल्फ का नाही खेळत?" मग काडतुसं भरण्याची सगळी हौस छऱ्यांवर निघते. छऱ्यात भरायचं काहीच नसतं. नुसतं निवडायचं, तांदूळ निवडतात तसं.

हे सगळं जेवणाच्या टेबलावर चालतं. मी गेलो की ते मान वर न करता म्हणतात, "या देशमुख. श्वास हळू सोडा, काटा हलतो." मी आठवड्यातून एकदा पहाटेच्या गाडीने डब्लिनला, ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात जातो आणि रात्री पडेल चेहऱ्याने परत येतो. दुसऱ्या दिवशी चुकून म्हणालो की फार थकलोय, तर लगेच प्रश्न येतो, "दहापैकी किती?"

हा त्यांचा लाडका प्रश्न. पेशंटला दुखणं विचारायची सवय घरापर्यंत आलेली आहे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत केतकीने विचारलं, "डॉक्टर, प्रसाद कसा झालाय?" त्यांनी खिशातून काटा काढला, ओळीने चार मोदक तोलले आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "चव छान. पण तुमच्या मोदकांत एकवाक्यता नाही हो." केतकी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना ते कळलंही नाही, कारण ते स्वतःच कुणाशी फारसं बोलत नाहीत.

इथली माणसं कशालाही 'ग्रँड' म्हणतात. ऑपरेशन ग्रँड, पाऊस ग्रँड, गाडी बंद पडली तरी ग्रँड. यावर डॉक्टरांचा फार राग. "ग्रँड म्हणजे नेमकं किती? माणूस शुद्धीवर येताना मला 'ग्रँड' म्हणतो. मी फाइलवर काय लिहू?"

तर असा हा गृहस्थ. यंदा सप्टेंबरात त्यांच्या आई, आमच्या आजी, आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या. मोज्यांवर चप्पल आणि नऊवारीवर डॉक्टरांचा रेनकोट, अशा त्या आमच्या कॉलनीत फिरायच्या आणि भेटेल त्याच्याशी मालवणीत बोलायच्या. पोस्टमनला ते सगळं समजतं अशी त्यांची खात्री होती. डॉक्टरांनी त्यांना कायमचं इथे राहायला सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "आणि माझ्या गायींका कोण बघतलो? तुझो तो टॉम?" विषय संपला. परतीचं तिकीट मंगळवारचं होतं.

त्याआधीच्या रविवारी क्लबाची वार्षिक स्पर्धा होती. डॉक्टर एकदा कुंपणाशी येऊन उभे राहिले, बराच वेळ आमच्या गवताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "देशमुख, आईने मला काहीही जिंकताना बघितलेलं नाही. दहाव्या वर्षी मला बोर्डिंगात टाकलं. शाळेची बक्षिसं, मेडिकलचं पदक, सगळं तिला पत्राने कळलं. यंदा एकदा तिच्यासमोर पहिला यायचंय." एवढं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "येईल का नंबर?" ते म्हणाले, "छर्रे तयार आहेत."

छर्रे खरंच तयार होते. सगळा उन्हाळा त्यांनी डबेच्या डबे तोलून 'उत्तम'मधलेही उत्तम असे निवडले होते आणि चपट्या डबीत कापसावर मांडले होते. दागिन्यांनासुद्धा कोणी एवढं जपत नाही. केतकीचे दागिने तर एका जुन्या मोज्यात आहेत.

शनिवारी खंडेनवमी होती. डॉक्टर ड्युटीवर. आजींना एकट्याने करमत नाही म्हणून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे बसलो होतो. कधी नव्हे तो शनिवारचा दिवस ऑफिसने मागून घेतला होता. मी हॉलमध्ये कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये, आजी स्वयंपाकघरात. उदबत्तीचा वास आला, पण आजी आल्यापासून तो येतच असे.

डॉक्टर परतले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. मी मागून डोकावलो. टेबलावर ताट, ताटात समई, आणि समईपुढे ती चपटी डबी उघडी. कापसावरच्या प्रत्येक छऱ्याला हळद होती, हळदीवर कुंकू होतं आणि वर एकेक अक्षत.

"आज हत्यारांची पूजा करूक नको?" आजी म्हणाल्या. "बंदूक तू कपाटात कोंडून ठेवलंस, कपाटाक कुलूप. मगे म्हटलंय, गोळ्ये तरी पूजूया."

इथल्या कायद्याने बंदूक कुलपातच ठेवावी लागते, हे आजींना कुणी सांगितलं नव्हतं. कुंकू ओलं करून त्यांनी अंगठ्याने चांगलं दाबून लावलं होतं. शिसं मऊ असतं. ज्या कडा डॉक्टरांनी भिंगातून तपासल्या होत्या त्या बहुतेक चेपल्या होत्या. मी खांदे पाडून उभा राहिलो. आता काय होणार ते मला ठाऊक होतं. एकदा त्यांचा काटा मी बोटभर सरकवला होता तर या माणसाने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

"सगळ्यांका लावलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळ्यांका. एक सोडूक नाय," आजी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "हेचो बापूस घरातच काडतुसां भरी. पण तेनी माका कदी हात लावूक देवक नाय. बायल माणसाचा काम न्हय म्हणान. आज लावलंय."

डॉक्टर पुढे गेले. त्यांनी डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. आईचे दोन्ही हात धरून तिला सिंककडे नेलं, कारण शिसं हाताला लागलेलं बरं नाही. इथल्या नळांना एकीकडून उकळतं आणि दुसरीकडून बर्फाचं पाणी येतं. त्यांनी भांड्यात दोन्ही मिसळून कोमट केलं आणि साबण लावून एकेक बोट, नखाखालून, सुरकुत्यांतून, धुतलं. आजी म्हणत होत्या, "अरे पुरे, मी काय पोर आसंय?" ते धूतच राहिले. मग हात पुसून देत म्हणाले, "बरा केलंस, आये."

त्या घरात मी इतकी वर्षं जातोय. त्यांनी दुसऱ्या माणसाला हात लावलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मी मीटिंगमध्ये परत गेलो. तिथे कुणाचं माझ्यावाचून अडलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. मी जायचं कारण आजींना दुभाष्या हवा होता. क्लब म्हणजे गावाबाहेर एका शेतकऱ्याची लांबलचक शेड. टेबलाशी बसून बंदूक टेकवून नेम धरायचा, समोर कागदाच्या कार्डावर लहान लहान वर्तुळं. प्रेक्षकांनाही संरक्षक चष्मा सक्तीचा. आजींनी तो आपल्या चष्म्यावर चढवला आणि मुलाच्या पाठीमागे थोड्या बाजूला, खुर्चीत ताठ बसल्या.

निघताना मी डॉक्टरांच्या ट्रेमधले 'चालेल' छर्रे एका डब्यात भरून पिशवीत टाकले होते. त्यात कुंकू नव्हतं, कडा शाबूत होत्या. तेवढ्यावर निदान दुसरा नंबर कुठे गेला नव्हता. टेबलापाशी जाऊन मी तो हळूच पुढे केला. डॉक्टरांनी मान हलवली आणि आईने पूजलेली डबी उघडली. "ती बघतेय," ते म्हणाले.

पुढची हकिगत सांगण्यासारखी नाही. छर्रे मनाला येईल तिकडे गेले. एक तर शेजारच्या कार्डावर गेला. प्रत्येक भोकाभोवती लालसर कडा. गुण मोजणाऱ्या बाईंनी कार्ड उजेडात धरून दोनदा पाहिलं. टॉम खिसा चाचपत आला, कार्ड बघून म्हणाला, "डॉक्टर, तुझे छर्रे जखमी झालेत काय?" डॉक्टर म्हणाले, "माझ्या आईने आशीर्वाद दिलाय त्यांना." टॉमने टोपी काढली आणि आजींसमोर जाऊन वाकून हात मिळवला. आजींनी त्याला खायला शेंगदाण्याचा लाडू दिला. तो त्याने खिशात ठेवला.

निकाल लागला. टॉम पहिला. परुळेकर शेवटचे.

फळ्यावरचं इंग्रजी आजींना वाचता येत नव्हतं. डॉक्टर बंदूक पेटीत ठेवत होते. आता त्या विचारणार, पयलो इलो? मी खोटं काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं आणि विचारायच्या आधीच म्हणालो, "आजी, नंबर जरा..."

"नंबर घेवन काय करू?" त्या म्हणाल्या. डोळ्यांवर अजून दोन्ही चष्मे होते. "धा वर्सांचो आसताना घरातसून गेलो. मगे सुटयेक येय, जेवन पळा. आज पयल्यांदा एवढो येळ एका जाग्यार माझ्या समोर बसलो. माका तो पोटभर बघूक गावलो."



परतताना आजी पुढच्या सीटवर बसल्या आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत झोपल्याही. मी मागे, बंदुकीच्या पेटीला खेटून. आजी जे बोलल्या ते मी हळू आवाजात, जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं. गाडीचा वेग कमी झाला, इतका की एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. ट्रॅक्टरवाल्याने इथल्या रीतीप्रमाणे एक बोट उचलून नमस्कार केला. डॉक्टरांनीही बोट उचललं.

आमच्या कॉलनीचं वळण आलं. पहाटेची डब्लिनची गाडी माझ्या डोक्यात होती, अंग मोडून आलं होतं, मी मनाने केव्हाच अंथरुणात पडलो होतो. डॉक्टरांनी वळण घेतलं नाही.

"डॉक्टर, घर मागे गेलं."

"गाडी बंद झाली की ती जागी होईल," ते समोर बघत म्हणाले. "जागी झाली की बॅग भरायला घेईल."

मी पेटी जरा सरकवून पाय पसरले.

"वेस्टपोर्टच्या धक्क्यापर्यंत जाऊन येऊ या का? तुम्हाला उशीर होईल."

"जाऊ या," मी म्हणालो, आणि केतकीला मेसेज केला की जेवायला थांबू नको.

समुद्र दिसायला लागला. आजींचं डोकं खिडकीकडे कलत होतं तेव्हा डॉक्टरांनी एका हाताने ते सावरलं आणि हात तिथेच ठेवला. धक्क्यापाशी पोचल्यावर गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही.