सोवळ्यातली फांदी

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या अपार्टमेंटमध्ये विवेक बाथटबपाशी उकिडवा बसून ओकची फांदी ब्रशनं घासत होता. त्याच्या लेकीच्या, उर्वीच्या, लाडक्या सरड्यानं, स्पाइकनं, अन्नपाणी सोडलं होतं. काचेच्या पेटीत चढायला फांदी नसेल तर तो असाच खंगत जाईल, असं प्राण्यांच्या डॉक्टरनं बजावलं होतं. रडून रडून उर्वीचे डोळे सुजले होते.

नागपूरहून आलेल्या सुमित्राबाई, विवेकच्या आई, दारातून हे बघत होत्या. "उद्या वटपौर्णिमा रे, इथे वड कुठे मिळेल?" असं त्यांनी सकाळीच विचारलं होतं. लॅपटॉपमधून मान वर न काढता विवेक "बघतो" म्हणाला होता.

"साबण देऊ का?"

"छे छे! साबण अजिबात चालत नाही, आई. नुसतं उकळतं पाणी. मग ओव्हनमध्ये तापवायची. नंतर कुणी हात लावायचा नाही."

सुमित्राबाईंना गहिवरून आलं. अमेरिकेत राहून पोरगं पूजेच्या फांदीचं एवढं सोवळं पाळतंय!

दुसऱ्या दिवशी विवेक घरी आला तर दारात चपलांचा ढीग. आत कुंडीत उभी केलेली फांदी हळदीकुंकवानं माखली होती आणि ऑफिसच्याच कपड्यांत त्याची बायको वसुधा तिच्याभोवती सूत गुंडाळत फिरत होती. आपण चुकून शेजारच्या घरात शिरलो की काय, हेच विवेकला कळेना.

"वसुधा, हे काय?"

"मला काय विचारतोस? तूच तयार केलीस ना? मला वाटलं, तुझं नि आईंचं ठरलंय!"

तिकडे सुमित्राबाई शेजारच्या प्रतिमाला कौतुकानं सांगत होत्या, "साबणसुद्धा लावू दिला नाही हो त्यानं!"

तेवढ्यात शाळेतून उर्वी आली. "बाबा! दॅट्स स्पाइक्स ब्रांच!"

सगळ्या बायकांनी वळून फांदीकडे पाहिलं. सुमित्राबाईंचा चेहरा उतरला.

"सरड्यासाठी होती?"

"आई, तो काही खात नाहीये गं. मरेल."

"मग कालच सांगायला काय झालं होतं? सावित्री काय जीव घालवायला वडाखाली बसली होती?"

त्यांनी स्वतः सूत सोडलं, कढत पाण्यानं कुंकू धुतलं आणि फांदी कोरडी करून पेटीत ठेवली. स्पाइक डुलतडुलत वर चढला, दिव्याखाली बसला आणि त्यानं खाण्यासाठी सोडलेला रातकिडा गट्ट केला. बायकांनी टाळ्या पिटल्या. उर्वी आजीला बिलगली.

विवेकचा जीव भांड्यात पडला. "चला, आता मलाही वाढा कुणीतरी."

"थांब जरा," सुमित्राबाई म्हणाल्या. "ज्याच्यासाठी आजची पूजा झाली, तो जेवलाय."