पाचवी डबी

शाहूपुरीच्या गूळबाजारातल्या रुद्राप्पा तोलाराचे डोके ठिकाणावर आहे की नाही, हे गुरुवारी दुपारपर्यंत ठरवायचे होते, आणि ते ठरवण्याचे साधन साऱ्या संस्थानात एकट्या डॉक्टर गणपतराव हेर्लेकरांच्या टेबलावर होते. डॉक्टरांना या गोष्टीचा अभिमान होता. तो त्यांनी लपवलाही नव्हता.

साधन म्हणजे एक लाकडी पेटी. फ्रान्सातल्या पंडितांनी बुद्धी मोजण्याचे प्रश्न रचले होते. डॉक्टरांनी ते स्वतः मराठीत आणले होते. पेटीत दिसायला अगदी सारख्या पाच डब्या होत्या, तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा ग्रॅमच्या. चार मूळच्या विलायती. पाचवी वाटेत फुटली, म्हणून त्यांचा कंपाउंडर फक्रुद्दीन याने दवाखान्यातल्या तराजूवर मापून नवी भरली होती.

दरबारात तक्रार चनबसाप्पा आडत्याने केली होती. पेठ वसली त्या दिवसापासून गूळ तोलणारा रुद्राप्पा हल्ली ऐन तोलात काटा थांबवतो आणि हाताची घडी घालून बसून राहतो. का, ते सांगत नाही. डॉक्टरांचा अहवाल प्रतिकूल गेला, तर काटा दुसऱ्याच्या हाती जाणार होता.

रुद्राप्पा बाकावर ताठ बसला. दारापाशी त्याची मुलगी दानम्मा उभी राहिली.

"एकपासून वीसपर्यंत मोजा," डॉक्टर म्हणाले.

"लाभ, दोन, तीन, चार..."

"एक म्हणा."

"पहिल्या मापाला लाभच म्हनत्यात, डाक्टरसाहेब. एक म्हटलं की रास तिथंच आटती."

डॉक्टरांनी फुली मारली. पुस्तकात लाभ नावाचा आकडा नव्हता.

"आता वीसपासून उलटे."

रुद्राप्पाने मान हलवली. "उलटं कसं मोजतील?" दानम्मा म्हणाली. "तोललेला गूळ परत उसात घालायचा व्हय?"

दुसरी फुली.

"उजव्या हाताला बोटे किती?"

रुद्राप्पाने खांद्यावरचा पंचा काढून हातावर टाकला. "ह्याच्याखाली हात घाला, सांगतो. बोटांचा आकडा बाजारात तोंडानं सांगत न्हाईत."

गूळबाजारातला प्रत्येक सौदा कापडाखाली बोटे दाबून ठरतो, हे डॉक्टर जाणून होते. परंतु पुस्तक जाणून नव्हते. तिसरी फुली.

"समजा, तुमच्या घराला आग लागली..."

"अवो, असं काय बोलताय?" दानम्मा पुढे सरसावली. "आमी तुमचं काय वाकडं केलंय?"

अशा रीतीने एक तास गेला. डॉक्टरांनी बेरीज केली, ताळा केला आणि शक्य तितक्या मृदू आवाजात सांगितले, "मानसिक वय सात वर्षे."

दानम्माने हिशेब करून पाहिला. "मी अडतीस वर्साची हाय. बाप सात वर्साचा कसा?"

"शरीराचे नव्हे, बाई. बुद्धीचे."

"व्हय की. पन ती बी माझ्या आदीच जन्मली आसंल न्हवं?"

या मुद्द्यावर पुस्तकात काही नव्हते. डॉक्टरांनी शेवटची परीक्षा पुढे केली. पाचही डब्या हलकीपासून जडपर्यंत ओळीने मांडायच्या. वेळ तीन मिनिटे.

चार डब्या रुद्राप्पाने पापणी लवायच्या आत मांडल्या. पाचवी तळहातावर घेतली आणि तो थांबला. मिनिट गेले, दोन गेली, तीनही गेली.

"मांडा की."

"मांडत न्हाई. खोटी हाय."

लक्षण तक्रारीबरहुकूम डोळ्यांदेखत प्रकट झाल्याने डॉक्टरांना समाधान वाटले. तथापि एकदा दिसलेली गोष्ट पुरावा नव्हे, ही त्यांची जुनी शिस्त होती. त्यांनी डब्या पाठीमागे नेऊन मिसळल्या, रुद्राप्पाच्या डोळ्यांवर त्याचाच पंचा बांधला आणि पुन्हा हाती दिल्या. तीनदा दिल्या. तिन्ही वेळा तो त्याच डबीवर थांबला.

डॉक्टरांची पेन्सिलही थांबली. बुद्धी ढळलेल्या माणसाची चूक भटकते. ही चूक एकाच डबीवर ठाण मांडून बसली होती.

त्यांनी डबी दवाखान्याच्या तराजूत टाकली. दुसऱ्या पारड्यात दहाचे माप आणि पाचाचे माप. काटा मधोमध उभा राहिला.

"बराबर पंधरा," फक्रुद्दीन म्हणाला. "माझ्या हातची डबी हाय, साहेब. चुकंल कशी?"

"मापं बघू," रुद्राप्पा म्हणाला. पंचा अजून डोळ्यांवरच होता. एकेक पितळी माप त्याने तळहातावर घेतले आणि परत दिले. पाचाचे मात्र दिले नाही. "बाकीची एका आईची हायती. हे दत्तक घेतलंय."

फक्रुद्दीन स्वच्छ फळी पुसू लागला.

डॉक्टरांनी पाचाचे माप एका पारड्यात ठेवले. दुसऱ्यात दोन, दोन आणि एक. पाचाचे पारडे सरळ वर निघून गेले.

"फक्रुद्दीन."

"मूळचं मागल्या पावसाळ्यात मोरीत गेलं, साहेब. तुमी मुंबईला गेलता. मग कासाराकडनं करून घेतलं. दिसायला हुबेहूब हाय की."

"आणि क्विनीन?"

"त्या मापानंच. पाच ग्रॅममधनं धा पुड्या."

डॉक्टरांनी तापाच्या रुग्णांचे रजिस्टर उघडले. मागल्या पावसाळ्यापासून तापातून उठणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते. हे त्यांना ठाऊकच होते. गेल्याच महिन्यात त्यांनी ते दरबाराला अभिमानाने कळवले होते. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, मात्रेची काटेकोर अचूकता.

"तरी बरी झाली न्हवं मानसं?" रुद्राप्पाने धीर दिला.

डॉक्टरांनी रजिस्टर बाजूला सारले. मग त्यांनी पुस्तक मिटले आणि पुस्तकात नसलेला प्रश्न विचारला. "बाजारात तुम्ही नेमके कुठे थांबता?"

"चनबसाप्पांच्या मनभराच्या मापावर. दुसऱ्या कुनाच्या न्हाई."

"मग तसे बोलला का नाहीत?"

रुद्राप्पाने पंचा सोडून त्यांच्याकडे पाहिले. सात वर्षांच्या मुलाकडे पाहावे, तसे. "तोलारानं काटा थांबवला म्हंजे बोललाच की. ह्याच्यावर आनि काय बोलायचं?"

अहवाल तीन ओळींचा झाला. मानसिक वय सात, हा आकडा डॉक्टरांनी बदलला नाही. मिळालेला आकडा सोयीसाठी बदलणे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हते. खाली त्यांनी लिहिले: "सदर आकडा ज्या साधनाने काढला, ते सदोष असल्याचे सदर इसमानेच दाखवून दिले आहे. तोलार तपासून झाला. आता मापे तपासावीत."

शनिवारी दरबारच्या माणसांनी भर बाजारात चनबसाप्पांचे मणाचे माप तोलले. ते सव्वा शेराने चुकले. काटा रुद्राप्पाकडेच राहिला.

डॉक्टर त्या वेळी गर्दीच्या कडेला उभे होते. पलीकडे दानम्मा चार बायकांना सांगत होती, "तपासनी झाली की. आमच्या आप्पांनी दोन तास बसून डाक्टर तपासला. मानूस खरा हाय. माप तेवढं खोटं हुतं, ते बदलाय सांगितलंय."

डॉक्टरांनी हे विधान मनातल्या मनात उलटसुलट तपासले. त्यात खोडून काढावे असे काहीच सापडले नाही. शेजारच्या अनोळखी शेतकऱ्याने विचारले, "कोन डाक्टर म्हनं, पावनं?"

"मी," डॉक्टर हेर्लेकर म्हणाले आणि फेटा सारखा केला.