लिंबाजीची जीभ

आमच्या शेताला लागून ज्याचं शेत होतं तो लिंबाजी रोज सकाळी मुगाची पानं चाटायचा. खायचा नाही, चाटायचा. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चपला काढायचा, ओळीत वाकायचा, एक पान उलटं करून त्यावर जीभ फिरवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. नवख्या माणसाला वाटायचं, याला काहीतरी झालं. आम्हाला सवय होती.

मुगावर मावा पडतो. तिळाहून बारीक किडे. कोवळ्या शेंड्याला, पानाच्या पोटाला चिकटून बसतात आणि रस पितात. पितात ते पितात, वर गोड चिकट पाणी सोडतात. त्या गोडाला मुंग्या लागतात, मग पान आकसतं, फूल गळतं, शेंग भरत नाही. बाकीचे लोक मुंग्या दिसल्या की जागे व्हायचे. लिंबाजीला त्याच्या आधी कळायचं, कारण पान गोड लागायचं. तो "गोड हाय" म्हणाला की त्या कोपऱ्यातले शेंडे खुडून मातीत पुरायचे आणि तंबाखूचं पाणी शिंपडायचं. "फिक्कं हाय" म्हणाला की आपल्या कामाला लागायचं.

ही जीभ त्याने निजामाच्या राज्यात कमावली. तेव्हा तो करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, शिपाई होता. मालाची गाडी आली की पोत्यात सळई खुपसायची, बाहेर काढून चाटायची आणि आत काय आहे ते सांगायचं. वर ज्वारी आणि खाली साखर निघाली की व्यापारी हात जोडायचे. पुढे राज्य गेलं, नाका गेला, खाकी कोट फाटला. जीभ तेवढी राहिली. "डोळा झूट बोलतो, वैनी. जबान बोलत न्हाई," हे तो इतक्यांदा म्हणायचा, की माझे मालक होते तेव्हा त्याला लांबून येताना बघून तेच आधी म्हणून घ्यायचे.

चाटणं पानावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. एका लग्नात पंगतीला बसला, वरणात बोट बुडवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मीठ मागून टाकलंय." आचारी पळी टाकून निघाला. त्याला परत आणायला नवरदेवाचा बाप बसस्टॅंडपर्यंत गेला. एकदा परभणीहून शेतीखात्याचे साहेब आले होते. चांगला माणूस, उन्हातान्हात फिरायचा. त्याने आपलं भिंग लिंबाजीच्या हातात दिलं, म्हणाला, "बाबा, यातून बघा, किडा केवढा दिसतो." लिंबाजीने भिंग उलटंसुलटं केलं आणि चाटलं. "खारट हाय. घाम आलाय साहेबाला, पाणी द्या." साहेब हसता हसता बांधावर बसला.

लग्न त्याने केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "नाक्यावरच्या माणसाला पोरगी कोण देतंय?" नाका जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी हेच उत्तर.

मग गावात पावडर आली. फडक्यात बांधून पिकावर झटकायची, मावा मरतो. एकाने न सांगता झटकली, आणि सकाळी लिंबाजीने त्याचं पान चाटलं. दिवसभर ओकत होता, ओठ बधिर झाले होते. वाचला. तेव्हा पोलीस पाटलाने ठरवून दिलं की ज्याने पावडर मारली त्याने धुऱ्यावर काठी रोवून लाल चिंधी बांधायची. दिसली चिंधी की लिंबाजीने पुढे जायचं. बाहेरगावचे लोक विचारायचे, "हितं कोणत्या देवाची जत्रा हाय?" आम्ही सांगायचो, लिंबाजीची.

मी त्या वर्षी थकले होते. मोठ्या दुष्काळातून कशीबशी निघाले होते, मालक त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते. मुलगा वसंता परभणीला कचेरीत कारकून. त्याचं एकच, शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला द्यायचं आणि मी त्याच्याकडे राहायचं. त्याच्या दोन खोल्यांत बसून मी काय करणार होते? नळाची वेळ बघणार होते? शेवटी असं ठरलं, की यंदाचा मूग हाती आला तर मी इथे. मावा-बिवा पडून पीक गेलं तर मुकाट्याने परभणीला जायचं.

लिंबाजी सकाळी त्याचं शेत चाटून माझं चाटायचा आणि मग चहाला यायचा. बसल्यावर उठायचा नाही. मला कंटाळा यायचा, पण चहा टाकायचे. श्रावणात एका सकाळी वसंताही आला होता. चुडाव्याच्या स्टेशनात गाडीतून उतरून चालत आला, आल्या आल्या बटईचंच. मी चहा करून दोघांपुढे ठेवला. लिंबाजीने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "गोड झालाय, वैनी. झकास." वसंताने कप उचलला तर लिंबाजीने त्याच्या हातातून काढून घेतला. "तू टेसनावर पिऊन आलास ना? तुमच्या परभणीत रोज चहाच चहा." आणि तोही घटाघटा पिऊन टाकला. वसंता माझ्याकडे बघत राहिला. मला लाज वाटली. म्हातारपणी माणूस इतका हावरा होतो, असं मनात आलं.

दोघे गेल्यावर पातेल्यात उरलेला चहा मी तोंडाला लावला. खारट. साखरेऐवजी मीठ पडलं होतं. मीठ खड्याचं आणि साखरही रेशनची जाडी, स्वयंपाकघरात अंधार, होतं असं. पण मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. दोन कप मिठाचं पाणी पिऊन माणूस "गोड" म्हणतो? म्हणजे याची जीभ मेली. आणि आम्ही सगळे तिच्या भरवशावर मूग पिकवायला निघालो.

चौथ्या दिवशी तो माझ्या शेतातून आला आणि म्हणाला, "वैनी, खालच्या अंगाला गोड हाय. लय गोड हाय. आजच शेंडे खुडा."

मी स्वतः गेले. वाकले, पानं उलटून बघितली. हिरवीगार, स्वच्छ. एक किडा नाही.

"काई न्हाई तिथं," मी म्हणाले.

"वैनी, मुंग्या बी चढायल्यात."

"मला दिसत न्हाईत का?"

त्याने चपला पायात घातल्या. चहा न पिता गेला. मला वाटलं, रोज येऊन माझं डोकं खाणार. म्हणून मी त्याच संध्याकाळी जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडली आणि धुऱ्यावर बांधली. पावडर मारली नव्हती. नुसती चिंधी.

दोन दिवस तो आला नाही. पाय दुखत होते म्हणून मीही शेतात गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर माझ्या मुगात कोणीतरी ओणवं होऊन हलत होतं. मला वाटलं शेळी शिरली. ओरडत गेले. लिंबाजी निघाला. शेजारी शेंड्यांचा ढीग, एका घागरीत तंबाखूचं पाणी, हातात कडुलिंबाचा डहाळा.

"काय करायलाव हितं? चिंधी दिसली न्हाई का?"

"दिसली."

"मग?"

"पावडरीचा वास न्हाई आला. मग चाटून बघितलं. पावडर न्हाई."

"अन असती म्हणजे? मेला असताव की!"

"मग कळलं असतं पावडर हाय म्हणून," तो म्हणाला आणि पुन्हा वाकला.

मी बोलतच होते. माझं शेत, माझं पीक, कोणी सांगितलं होतं, असं सगळं. त्याने ढिगातला एक शेंडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली. बोटं चिकटली. मूठ उघडली तर हातावर काहीतरी वळवळत होतं. हात डोळ्याजवळ नेला. काळपट डाग दिसला, एवढंच. डागाला पाय आहेत हे कातडीला कळत होतं.

"कधीपासून दिसंना झालंय?" त्याने विचारलं.

"दिसतंय मला."

"वैनी, चहात मीठ व्हतं."

मी हात पदराला पुसला.

"मग बोलला का न्हाईत?"

"वसंता बसला व्हता की समोर. त्यानं एक घोट घेतला असता तर तुमी त्याच दिशी परभणीला."

"म्हणून त्याचा बी पिलाव?"

"लय खारट व्हता," तो म्हणाला. "दोपारपर्यंत पाणी पीत व्हतो."

तो डहाळा बुडवून पाणी शिंपडत राहिला. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "तुमी गेल्यावर सकाळी उठून म्या जायचं कुठं?"

मी खाली बसले आणि हाताने चाचपून शेंडे खुडायला लागले. चिकट लागला की खुडायचा, कोरडा लागला की सोडायचा. डोळ्याचं काम नव्हतंच ते. दुपारपर्यंत खालचा कोपरा उरकला. त्या वर्षी मूग फार झाला नाही, पण झाला. वसंता पोती बघून गेला आणि बटईचं बोलला नाही.

शेंडे खुडले त्या दिवशी शेतातून निघताना लिंबाजीने धुऱ्यावरची चिंधी सोडून घेतली. मला वाटलं, टाकून देईल. घरी आला, फळीवरचे दोन्ही डबे उघडून दोन्हींत बोट घातलं, बोट चाटलं आणि मिठाच्या डब्याच्या गळ्याला चिंधी आवळून बांधली.

"आता हाताला कळंल," म्हणाला. "टाका चहा."

पुढे परभणीला माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता सुईत दोरा ओवते. लिंबाजी नाही. त्याच्या शेतात दुसऱ्याचा मूग असतो आणि पानं कोणी चाटत नाही. मिठाचा डबा दोनदा बदलला. जुन्याची चिंधी सोडून नव्याला बांधते.