हडंबाचा दुसरा अल्बम

‘हडंबा’ या अमरावतीच्या हेवी मेटल बँडचा दुसरा अल्बम तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी दोन ते चार या वेळेत प्रकाशित झाला. मुहूर्त पाहिलेला नव्हता. त्या आठवड्यात आमच्या भागाला दुपारची वीज दोन ते चारच होती.

हजर असलेल्यांत बँडचे चार सदस्य, गल्लीतले शेजारी आणि लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, मागायला आलेली सात मुलं होती. बँडचे प्रमुख आणि ड्रमर प्रल्हाद वानखडे, म्हणजे गल्लीचे पल्हादभाऊ, यांनी सीडीचा पहिला खोका फोडला आणि भाषण केलं. भाषण असं: “ऐका. आवडलं नाही तं तक्रार नोंदवा.”

“तक्रार नोंदवा” हे पल्हादभाऊंचं पेटंट वाक्य. ते वीज कंपनीत लाईनमन होते. लोडशेडिंगची ती वर्षं. गावांत बारा-बारा तास लाईन नसे, शहरात थोडे कमी तास. कापसाला भाव नाही, पाण्याच्या मोटारीला वीज नाही, आणि हे दोन्ही ज्याच्या अंगावर ओरडून सांगता येईल असा सरकारी माणूस एकच हाती लागे, तो म्हणजे खांबावर चढलेला लाईनमन. वर चढलेला असल्यामुळे तो पळूनही जाऊ शकत नसे. पल्हादभाऊ वरूनच शांतपणे म्हणत, “बराबर आहे तुमचं. नोंदवा.”

हे वाक्य त्यांच्या घरातही चाले. भाजीत मीठ कमी पडलं तर ते जेवता जेवता म्हणत, “नोंद घ्या.” सुशीलावहिनी म्हणत, “माह्या पंधरा वर्सापासूनच्या तक्रारी पेंडिंग आहेत. त्या पहिले निवारा, मंग मिठाचं पाहू.”

मी त्यांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहायचो आणि एका दैनिकात बातमीदार होतो. आठवड्याचं लोडशेडिंगचं वेळापत्रक तक्रार केंद्रातून आणून छापणं हे माझ्या कामांपैकी एक. त्या काळात आमच्या अंकात तेवढीच एक चौकट लोक कापून भिंतीला चिकटवत.

पल्हादभाऊ वेळापत्रक पाळण्याच्या बाबतीत वेडे होते. लाईन सहाला जायची असेल तर ती सहाला जाई, सहा वाजून एक मिनिटाने नाही. गल्लीतल्या इंगोलेकाकूंचा मिक्सर चटणी अर्धी झालेली असताना बंद पडे. काकू कुंपणावरून ओरडत, “वानखडे, तुमच्या घरी आहे काय लाईन?”

“नाही बाप्पा. या, पाहून घ्या.”

काकू खरंच येऊन पाहत. अंधारात चहा घेऊन परत जात.

असा माणूस हेवी मेटलकडे कसा वळला, याची दोन कारणं त्याने मला वेगवेगळ्या दिवशी सांगितली. पहिलं, तरुणपणी नागपूरला ट्रेनिंगमध्ये खोलीतल्या मित्राकडे कॅसेट होत्या. दुसरं, “दिवसभर लोकं माह्यावर कोकलतात. संध्याकायी माहाबी नंबर लागला पाह्यजे ना?” दुसरं मला जास्त विश्वसनीय वाटलं. तूर-सोयाबीन काढायच्या मोठ्या यंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात. त्याच्या शेजारी उभ्या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. बँडचं नाव ठेवताना त्यांना यापेक्षा जास्त विचार करावा लागला नाही.

पहिल्या अल्बमचा गायक शकील होता. तो संत्र्याच्या मंडीत हर्रास बोलायचा. भाव चढवत नेताना त्याचा आवाज मंडीच्या या गेटपासून त्या गेटपर्यंत जाई, मधे दोनशे खोके आणि तेवढीच माणसं असली तरी. पल्हादभाऊंनी त्याला मंडीतच हेरलं आणि विचारलं, “गाता काय?” शकील म्हणाला, “गाता नै. चिल्लाता हूं.” पल्हादभाऊ म्हणाले, “तेच पाह्यजे.”

दोघांचं जुळलं याचं तांत्रिक कारण सांगता येतं. सराव चालू असताना लाईन गेली की गिटारी बंद, गायकाचा माईक बंद. ड्रमला वीज लागत नाही आणि शकीललाही लागत नव्हती. बाकीचे हातावर हात ठेवून बसत आणि हे दोघे गाणं शेवटपर्यंत नेत. मधात सोडणं पल्हादभाऊंना ठाऊक नव्हतं. खांबावरचं काम आणि गाणं, दोन्ही पूर्ण करूनच ते खाली उतरत.

मग शकीलच्या बहिणीचा निकाह आला. मांडव गल्लीत, वेळ संध्याकाळची, आणि त्या आठवड्यात सहा ते आठ लाईन नाही. शकील उपकेंद्रावर आला. पाळी पल्हादभाऊंचीच होती.

“पल्हाद, आधा घंटा दे दे. बहन की शादी है यार.”

“टाईमटेबल माह्या बापाचं नाही, शकील. तुले देलं तं समद्याईले द्या लागन.”

“समद्याईले दे मग!”

सहाला लाईन गेली. स्विच पल्हादभाऊंनी स्वतः पाडला. सहा वाजून वीस मिनिटांनी पाळी संपवून ते सायकलवर दोन गॅसबत्त्या बांधून मांडवात पोहोचले आणि एक बत्ती डोक्यावर धरून निकाह संपेपर्यंत उभे राहिले. पण व्हिडिओवाल्याचा कॅमेरा आणि दिवा लाईनवर होते. बहिणीच्या लग्नाची कॅसेट काझीसाहेब बसतात तिथपर्यंतच आहे. पुढे निळा पडदा.

शकील त्यांच्याशी पुन्हा बोलला नाही. काही महिन्यांनी तो अचलपूरच्या मंडीत निघून गेला. पल्हादभाऊंनी दोन वर्षं ड्रमवर चादर टाकून ठेवली. चादर दर रविवारी धुतली जाई, ही माहिती सुशीलावहिनींची.

चादर निघाली ती एका सोमवारी. मी वहिनींना विचारलं, पुन्हा बँड कसा काय? त्या तांदूळ निवडत होत्या. “बँड कायचा भाऊ,” त्या म्हणाल्या. “याईले शकीलभाऊशी बोलाचं आहे. तोंडानं बोलता येत नाही, म्हणून एवढा राडा.”

नवा गायक स्वप्नील एका खासगी कॉलेजात तासिकेवर शिकवायचा. आवाज चांगला, सवयी सभ्य. गाणं सुरू करण्यापूर्वी तो सगळ्यांना “करू या का?” असं विचारायचा. गिटारवाले दोघे भाऊ नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात पाळीवर होते. रेकॉर्डिंगची जागा म्हणजे पल्हादभाऊंच्या घरामागची टिनाची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना काहीतरी लावायला हवं होतं. दोघा भावांच्या घरी त्या वर्षीचा कापूस भावाची वाट पाहत पडला होता. त्यांनी तो पोत्यांत भरून आणला आणि चारही भिंतींना छतापर्यंत रचला. खोली उत्तम झाली. सहा गाणी झाली. मग कापसाचा भाव थोडा वर गेल्याची बातमी आमच्याच अंकात आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा बाप बैलगाडी घेऊन आला.

“बाबा, दोन गाणी राह्यली ना!”

“तुमी गा. मी काही बोलून राहिलो काय?” असं म्हणत त्याने पूर्वेची भिंत गाडीत भरली. जाताना तो म्हणाला, “भाव अजून वाढला तं उद्या पश्चिमेची नेतो.” अल्बममधलं सातवं गाणं, ‘डीपी जयली’, विहिरीत वाजवल्यासारखं का ऐकू येतं, याचं उत्तर हे आहे. डीपी म्हणजे रोहित्र. जयली म्हणजे जळली. बाकी गाण्यात काही नाही.

गल्लीने या आवाजाबद्दल एकदाही तक्रार केली नाही. कारण व्यावहारिक होतं. स्वप्नीलचा आवाज आला, की लाईन आली. इंगोलेकाकू धावत जाऊन पाण्याची मोटर लावत. गाणं थांबून नुसते ड्रम उरले, की लाईन गेली. शकीलच्या काळात ही खूण चालत नसे. तेव्हा काकू दोनदा फसल्या होत्या.

आठवं गाणं शेवटचं. चाल पल्हादभाऊंची, आणि स्वप्नीलला ती फार उंच पडत होती. तिसऱ्या कडव्याला लाईन गेली. वेळापत्रकात अजून वीस मिनिटं होती. वर कुठेतरी बिघाड झाला होता. गिटारी गेल्या, स्वप्नील थांबला. इन्व्हर्टर लहान होता. त्यावर कॉम्प्युटर आणि ड्रमसमोरचा एक माईक, एवढंच होतं.

“काहून थांबला बे?” पल्हादभाऊ वाजवत वाजवतच ओरडले.

“माईक बंद झाला ना, भाऊ.”

“माईक बंद झाला. तू कुठी बंद झाला?”

स्वप्नीलने प्रयत्न केला. दोन ओळींनंतर त्याला खोकला आला. पल्हादभाऊ पुढची साडेतीन मिनिटं एकटेच वाजवत राहिले. गायकाची ओळ जिथे यायची तिथे हात हलका करत, ती संपायची तिथे पुन्हा जोरात उचलत. मी दारात उभा होतो.

स्वप्नील म्हणाला, “चार वाजता लाईन आली की पुन्हा घेऊ या का?”

“नाही. जसं झालं तसं ठेवाचं.”

“पण अर्धंच आहे.”

“हो. अर्धंच आहे.”

प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी एक सीडी सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळली, अचलपूरच्या एसटी ड्रायव्हरच्या हातात दिली आणि पत्ता तोंडी सांगितला: संत्रा मंडी, ज्याचा आवाज पहिले ऐकू येईल त्याले द्या.

आठ दिवस काही घडलं नाही. पल्हादभाऊंनी या काळात घरी एकाही भाजीची नोंद घ्यायला सांगितली नाही. वहिनींनी एकदा मुद्दाम मीठ टाकलं नाही. ते जेवून उठले.

नवव्या दिवशी मी वेळापत्रक आणायला तक्रार केंद्रात गेलो. पल्हादभाऊ खांबावर होते. टेबलावरच्या कारकुनाने वेळापत्रकाऐवजी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. “पाहा, तुमच्या शेजाऱ्यानं काय करून ठेवलं. साहेबानं पाह्यलं तं मेमो भेटते याले. अचलपूर आपल्याकडं येते तरी काय?”

अर्धा घंटा कुणाला न दिलेल्या माणसाच्या अक्षरात, सरकारी रजिस्टरमध्ये, त्याच दिवसाच्या तारखेला शेवटची नोंद होती. तक्रारदार: शकील, अचलपूर. तक्रार फोनवर. शेवटच्या गाण्यात माणूस नाही. निवारणाचा रकाना रिकामा होता.

रविवारी आमच्या भागाची वीज तीन वाजता गेली. मी घरी होतो. ड्रम आधीपासून चालू होते, ते चालूच राहिले. थोड्या वेळाने ड्रमच्याही वर एक आवाज चढला, मंडीच्या या गेटपासून त्या गेटपर्यंत जाईल असा. इंगोलेकाकू हातातलं काम टाकून धावल्या आणि त्यांनी पाण्याच्या मोटरचं बटण दाबलं. मोटर लागली नाही. काकूंनी दोनदा दाबून पाहिलं.

सोमवारी मी रजिस्टर पुन्हा पाहिलं. त्या नोंदीपुढचा रकाना भरलेला होता. ‘निवारण झाले. दु. ३.४०. लाईन नसताना.’