मयेकर नानांचा लाल रंग

"आज कोथिंबीर लाल दिसत नाय गो," असं मयेकर नाना म्हणाले की भाजीवाली जुडी उलटीसुलटी करून बघायची. दोष तिचा नव्हता. रत्नागिरीच्या आमच्या कचेरीत उपग्रहानं काढलेली चित्रं येत. त्यांत जिवंत झाडोरा लाल दिसतो आणि पाणी काळं. नाना वर्षानुवर्षं त्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून खाडीकाठच्या पाणथळ जमिनींच्या सीमा काढत होते. शेवटी हिरवा रंग त्यांच्यापुरता रद्द झाला. माझ्या लग्नातही पंगतीला बसताना म्हणाले, "केळीचं पान लालभडक हां, उत्तम."

कामाला मात्र भलतेच काटेकोर. माझी रेघ केसभर सरकली तरी खोडायला लावत. "खाडी तुमच्या सोयीनं वळत नाय," हे त्यांचं पालुपद. म्हणून दाभोळजवळच्या एका लाल तुकड्यावर त्यांच्याच अक्षरात 'भात' वाचून मी चक्रावलो. चित्र मे महिन्याचं होतं. मेमध्ये खाजणात, खाडीलगतच्या खारट जमिनीत, कुठलं आलंय भात? ती खाऱ्या पाण्यात वाढणारी तिवराची झाडंच असणार. मी तसं म्हटल्यावर नाना कधी नव्हे ते माझ्यावर खेकसले. मग जरा वेळानं म्हणाले, "चला, जाग्यावर जाऊन बघू."

एसटीनं गेलो. बांध फुटलेला, शेतात खारं पाणी आणि छातीएवढी तिवरं. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. ती नानांची थोरली बहीण, आणि शेत तिचंच. नानांचं सगळं शिक्षण तिनं याच शेतावर केलं होतं.

"नकाशात शेत हाय ना रे माजा?" तिनं विचारलं. नकाशात भात असेल तिथलेच बांध सरकार दुरुस्त करणार होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

नानांनी वाकून तिवराचं एक पान खुडलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"नाय ताय," ते म्हणाले. "तिवरं आलीत."

"मग तिवरं लिव. खोटा लिवू नको. आणि जेवून जा."

तिच्या पडवीत बसून नानांनी 'भात' खोडलं आणि 'तिवर' लिहिलं. रेघ केसभरही हलली नाही. ताटात रेशनचा भात होता. नानांनी दोनदा मागून घेतला.

रत्नागिरीत उतरलो तेव्हा भाजीवाली अजून बसलेली होती. नानांना बघून तिनंच जुडी पुढे केली.

"नाना, आज कशी लालभडक हाय बघा."

नानांनी जुडी हातात घेतली.

"हिरवी आहे गो," ते म्हणाले.