हिवाळी टायरचं तेवढं माझ्यावर सोड

"हिवाळी टायरचं तेवढं माझ्यावर सोड," असं हृषिकेश सोमण सप्टेंबरात बायकोला म्हणाला, आणि निशिगंधाने सोडलं. इथपर्यंत दोघांचंही काही चुकलं नव्हतं. हृषिकेश इंगोलश्टाटमध्ये मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता, त्यातही चाकांच्या विभागात. गेली सहा वर्षं तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर चाकं फिरवत होता. खड्ड्यातून, बर्फावरून, फूटपाथच्या कडेवरून. त्याच्या चाकांनी पडद्यावर पृथ्वीला निदान चाळीस प्रदक्षिणा घातल्या असतील. खरं चाक त्याने गाडीवरून कधी उतरवलं नव्हतं. पण हृदयाच्या डॉक्टरला कुठे स्वतःचं हृदय काढून बघावं लागतं, असं तो म्हणे.

गाडी छोटी, निळी, नऊ वर्षं वापरलेली, आणि मुळात निशिगंधासाठी घेतलेली होती. निशिगंधा दातांची डॉक्टर. जर्मनीत स्वतंत्रपणे काम करायचं तर तिला मार्चमधली भाषेची परीक्षा पास व्हावी लागणार होती, आणि तोवर तीस किलोमीटरवरच्या एका गावातल्या दवाखान्यात सहायक म्हणून तिला घेतलं होतं. एक डिसेंबरला, सोमवारी, सकाळी साडेसातला हजर. त्या गावाला जाणारी पहिली बस पोहोचायची पावणेनऊला. म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही, इतका साधा हिशेब होता.

हृषिकेशने एक्सेलची शीट उघडली. सतरा टायर, बावीस रकाने. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला किती मीटर, आवाज किती, झीज किती. ऑक्टोबरात एक टायर पहिला आला, पण मग रिम लोखंडाची की अल्युमिनियमची हा प्रश्न निघाला आणि त्यासाठी दुसरी शीट काढावी लागली. इथले शहाणे लोक ऑक्टोबर उजाडला की उन्हाळी चाकं काढून बर्फासाठीची हिवाळी चाकं लावून मोकळे होतात. हृषिकेश तेव्हा रकान्यांना रंग देत होता.

नोव्हेंबरात निशिगंधाचे वडील आले. दिनकरराव एस.टी.च्या कराड डेपोत चौतीस वर्षं काढून वर्कशॉपचे फोरमन म्हणून रिटायर झाले होते. जावयाच्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी शीट बराच वेळ पाहिली.

"यातला कुठला घ्यायचा?"

"तेच काढतोय, बाबा."

"आम्ही स्टोअरमध्ये असेल तो लावायचो," दिनकरराव म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी हवामानाची बातमी आली. शनिवारी दुपारपासून बर्फ. हृषिकेशने शीटमधला पहिल्या नंबरचा टायर शोधला. तो संपला होता. दुसरा संपला होता. नवव्या नंबरपर्यंत पोहोचल्यावर त्याने लॅपटॉप मिटला आणि गॅरेजांना फोन लावले. एकाने टेर्मिन, म्हणजे कामाची तारीख, दिली चौदा जानेवारीची. दुसरीकडची बाई नुसतीच हसली. तिसऱ्याने अकरा मिनिटं संगीत ऐकवलं आणि फोन ठेवला.

"अरे, मग आता?" निशिगंधाने विचारलं.

"जुनी घेऊ. रिमसकट चार चाकं. लोक विकतात इंटरनेटवर," हृषिकेश म्हणाला. "उलट सोपं झालं."

जाहिरात सापडली. कुणी फ्राऊ हुटरर, वीस किलोमीटरवर, लहान गाडीची चार हिवाळी चाकं, दोनच हिवाळे वापरलेली. माप तंतोतंत तेच. हृषिकेशने फोन लावला. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालत असल्यामुळे त्याचं जर्मन बेकरीपुरतं होतं. तरी त्याने रुंदी विचारली, टायरचं साल विचारलं, नक्षी किती खोल ते विचारलं. बाई अस्सल बव्हेरियातल्या होत्या. प्रत्येक उत्तर घासात अर्धं चावून मग द्यायच्या.

दिनकरराव शेजारी बसले होते. "भोकं किती आहेत ते विचारा, हृषिकेशराव. बोल्टची. आपल्या गाडीला चार आहेत. सकाळी खाली जाऊन मोजली मी."

भोकाला जर्मन शब्द काय, हे हृषिकेशला आठवेना. डिक्शनरीत एक मिळाला, पण तो वयस्क बाईंना फोनवर म्हणण्यासारखा आहे की नाही, याची त्याला खात्री वाटेना. म्हणून त्याने थोडक्यात विचारलं, "आल्झो... फिअर? चार?"

"या, फ्रायलिश," फ्राऊ हुटरर म्हणाल्या, म्हणजे हो, अर्थातच. "फिअरे."

हृषिकेशने फोनवर हात ठेवला. "चारच आहेत, बाबा."

"नक्की?"

"गेनाऊ."

शनिवारी सकाळी जावई आणि सासरे चाकं आणायला गेले. आभाळ भरून आलं होतं, रस्ता कोरडा होता. फ्राऊ हुटरर पंचाहत्तरीच्या, टापटिपीच्या. त्यांनी एकेक चाक जुन्या फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळून सुतळीने असं बांधलं होतं, की बारशाला चार बाळं मांडून ठेवावीत. त्यांनी दिनकररावांना केक खायला आत बसवलं. बाहेर हृषिकेशने प्रत्येक गाठोड्याची कड जराशी उकलून, खिशातलं मोजमापाचं यंत्र काढून, नक्षीची खोली तीन-तीन जागी मोजली. सात मिलिमीटर. उत्तम. मधला भाग चादरीतच राहिला. गाठी इतक्या सुरेख होत्या, की त्या सोडायचं त्याच्या जिवावर आलं.

डिकीत दोनच चाकं मावली. उरलेली दोन मागच्या सीटवर, आणि त्यांच्यात दिनकरराव. गाडी सीटबेल्टसाठी टूं टूं करत राहिली, तेव्हा त्यांनी शेजारच्या गाठोड्यालाही बेल्ट लावला.

अकराच्या सुमारास बिल्डिंगमागच्या अंगणात जॅक लागला. पहिल्या चाकाचे चार बोल्ट दिनकररावांनी पाय देऊन सोडवले आणि जावयाला म्हणाले, "काढा आता. तुमचं खातं आहे." हृषिकेशने चाक उतरवलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हाताला काळं लागलं, आणि ते त्याला आवडलं.

तेवढ्यात तळमजल्याची खिडकी उघडली. हेर ब्रांडल. सत्तरी ओलांडलेले, शाळेत जन्मभर जर्मन शिकवून रिटायर झालेले, दोन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून एकटे. बिल्डिंगचे नियम त्यांना क्रमांकासकट पाठ होते. अंगणात गाडीची कामं करायला मनाई आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि त्या नियमाचा क्रमांकही सांगितला.

"पाच मिनिटं फक्त," हृषिकेश जर्मनमध्ये म्हणाला. "देअर राड..."

"दास राड," ब्रांडल म्हणाले. चाक नपुंसकलिंगी आहे, हे कळल्याशिवाय ते पुढचं ऐकणार नव्हते.

हृषिकेशने पहिल्या गाठोड्याची गाठ सोडली, चादर बाजूला केली, चाक उचलून जागेवर नेलं. मग खाली ठेवलं. पुन्हा उचललं. थोडं फिरवून बघितलं. दिनकरराव पुढे झाले. ते वाकले आणि बोट ठेवत त्यांनी मोजली.

"पाच," ते म्हणाले.

दुसऱ्या चाकालाही पाच. तिसऱ्याला, चौथ्याला पाचच. हृषिकेशने तिथूनच फोन लावला. फ्राऊ हुटरर शांतपणे म्हणाल्या, की तुम्ही चार का म्हणून विचारलंत, मी हो म्हटलं, आणि चार चाकं तुम्ही घेऊन गेलात. यात त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. उलट त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, नको असतील तर आजच परत आणा, उद्यापासून मी मुलीकडे जाणार आहे.

याच वेळी पहिला बर्फ पडला. भुरभुर नाही. उशी फाटल्यासारखा.

खालच्या उताराचा रस्ता अर्ध्या तासात पांढरा झाला. बर्फ असताना उन्हाळी टायरवर गाडी रस्त्यावर आणणं इथे गुन्हा. हिवाळी टायर परत करायला जायचं, तर आधी गाडीला हिवाळी टायर हवे होते. चाकांच्या विभागातला इंजिनिअर हे कोडं डोक्यावर बर्फ साठेपर्यंत सोडवत उभा राहिला.

निशिगंधा जिन्यातून खाली आली. तिने जॅकवर तिरकी झालेली गाडी पाहिली, चादरींवर पडलेली चाकं पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं. तिला काही विचारावं लागलं नाही.

"मी दवाखान्यात फोन करून सांगते," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी येत नाही म्हणून. दुसरं कुणीतरी बघतील ते."

ती रागावली असती तर हृषिकेशला परवडलं असतं. पण ती आवाज न चढवता बोलत होती, आणि बोलताना मोबाइलमध्ये खरंच नंबर शोधत होती. एवढा बर्फ अंगावर घेऊनही त्याला घाम फुटला.

ब्रांडल आता टोपी घालून अंगणात आले होते, बहुतेक नियमाचा पुढचा भाग सांगायला. दिनकररावांनी त्यांना सगळा प्रकार मराठीत समजावून सांगितला. चार बोटं दाखवली, मग पाच दाखवली, मग जावयाकडे बोट दाखवलं. ब्रांडलना तो लगेच कळला. ते चाकापाशी बसले, टायरवरचं माप वाचलं आणि भोकं मोजली. मग घरात जाऊन गाडीचे कागद घेऊन आले.

त्यांच्या बायकोची गाडी तळघरात उभी होती. पाच भोकांची. माप हेच. बायको गेली त्या वर्षी तिच्या हिवाळी चाकांना भेगा पडल्या होत्या म्हणून त्यांनी ती फेकून दिली. नवी घ्यायचं राहून गेलं, आणि दोन हिवाळे त्यांनी गाडी बाहेर काढलीच नव्हती.

"कुठे जायचं होतं गाडीने?" त्यांनी निशिगंधाला विचारलं.

तिने गावाचं नाव सांगितलं.

ब्रांडल म्हणाले, "तिथे माझी बहीण असते." आणि जरा थांबून, "हिवाळ्यात भेट होत नाही आमची."

पुढचं सगळं दोन म्हाताऱ्यांनी केलं. तळघरात नियम लागू नव्हता. दिनकरराव पाना मागायचे मराठीत, ब्रांडल तो द्यायचे जर्मनमध्ये. एकदाही चुकीचा पाना दिला गेला नाही. हृषिकेशला त्यांनी टॉर्च धरायला दिला. चाकांचे पैसे ब्रांडलनी तिथल्या तिथे देऊन टाकले. दोनच्या आत चारी चाकं बसली, आणि निळ्या गाडीचं उतरवलेलं उन्हाळी चाकही जागेवर गेलं.

सोमवारी सकाळी साडेसहाला ब्रांडल गाडी घेऊन दाराशी उभे होते. निशिगंधा पुढे बसली, दिनकरराव मागे. साडेसातला दहा मिनिटं कमी असताना ती दवाखान्यात हजर झाली. दोघे म्हातारे बहिणीकडे गेले, तिथे त्यांनी सॉसेज की काय ते खाल्लं, पत्ते खेळले आणि संध्याकाळी निशिगंधाला घेऊन परत आले. मंगळवारीही तसंच. जाता-येता ब्रांडल तिचं जर्मन तपासत. एक लिंग चुकलं, की पुढच्या सिग्नलपर्यंत तेच वाक्य परत म्हणायचं. एवढी शिकवणी म्युनिकमध्ये पैसे टाकूनही मिळाली नसती.

चौदा जानेवारीची टेर्मिन आली. त्या सकाळी रस्ता नेमका कोरडा होता, म्हणून उन्हाळी चाकांवर गॅरेजपर्यंत जाता आलं. गॅरेजवाल्याने शिल्लक होते ते टायर लावून दिले. कुठले, ते हृषिकेशने विचारलंही नाही. तेवढ्यात बर्फ सुरू झाला, आणि गाडी घेऊन तो त्यातून अकरा किलोमीटर घरी आला. वळणावर जरासुद्धा घसरली नाही. त्याने निशिगंधाला खिडकीत बोलावून वरूनच गाडी दाखवली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण मी मार्चपर्यंत हेर ब्रांडलबरोबरच जाणार. परीक्षा आहे माझी. तू वापर."

हृषिकेशच्या ऑफिसची बस दारासमोर थांबायची. रविवारी फिरायला निघावं, तर ब्रांडल आणि त्यांची बहीण धरून पाच माणसं होत, ती छोट्या गाडीत बसत नसत. जानेवारी संपता संपता दिनकरराव परत गेले. विमानतळावरही त्यांना ब्रांडलनीच सोडलं, आणि निघताना दोघांचे डोळे ओले झाले. मार्चमध्ये निशिगंधा परीक्षा पास झाली. व्याकरणात तिची एकही चूक निघाली नाही. निळी गाडी अंगणात बर्फाखाली, मग पावसाखाली, मग उन्हात उभी होती.

ईस्टरनंतर हृषिकेश उन्हाळी चाकं बसवून घ्यायला त्याच गॅरेजात गेला. मेकॅनिकने उतरवलेल्या टायरवरून अंगठा फिरवला. नव्या रबरावरचे बारीक केस तसेच होते. त्याने हाक मारून दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानेही अंगठा फिरवला.

"अख्खा हिवाळा काढलाय या टायरनी," पहिला म्हणाला. "वीस वर्षांत इतकी जपून चालवलेली गाडी पाहिली नाही मी. कोण चालवतं? बायको?"

"नाही," हृषिकेश म्हणाला. "फक्त मीच."

आणि ते शब्दशः खरं होतं.