लायसन की परमिट

"डॉक्टरानं काही पुसलं तं एकच सांगा, मी पीत नाही!" सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर मनकर्णाने नवऱ्याला शेवटचं बजावलं.

रुपराव नरखेडहून नागपूरला संत्र्यांचा ट्रक आणत. चार दिवसांपूर्वी भरदुपारी त्यांनी तो सीताबर्डीच्या चौकात ट्रॅफिक पोलिसाच्या छत्रीवर घातला. पोलीस उडी मारून वाचला, छत्री वाचली नाही. मॅजिस्ट्रेटने दंड केला आणि वर हुकूम दिला की, हा इसम व्यसनी आहे की कसे, ते डॉक्टरांनी तपासावे. व्यसनी ठरला तर लायसन रद्द. आणि लायसन गेलं की घरची चूल बंद.

डॉक्टरांनी छापील कागद पुढे ओढला.

"किती वेळा घेता?"

"पोळ्याले. तेबी थोडीशी."

"सकाळी उठल्यावर?"

"राम राम! सकाळी चहाच घेतो, साहेब."

"हात थरथरतात?"

रुपरावांनी दोन्ही हात पुढे केले. "पाहा. दगडावानी!"

"साधा माणूस हाये जी," मनकर्णाने भर घातली. "नुसत्या वासानं चक्कर येते त्याईले."

डॉक्टरांचा पेन थांबला. दोघांना निरखून पाहत त्यांनी कपाटातली जुनी फाइल काढली. राज्यात तेव्हा दारूबंदी होती. उजळ माथ्याने प्यायची, तर दारूवाचून प्रकृती ढासळते असा डॉक्टरी दाखला लावून परमिट काढावं लागे. रुपरावांनी ते गेल्याच वर्षी काढलं होतं, आणि तेही याच टेबलावर.

डॉक्टर वाचू लागले, "'रोज सकाळी न मिळाल्यास हातपाय कापतात, अन्न जात नाही. साक्षीदार, पत्नी मनकर्णा.'"

मनकर्णाने तोंडाला पदर लावला.

"तेव्हा खोटं बोलला असाल, तर परमिट रद्द. आज बोलत असाल, तर लायसन गेलं. कोणतं ठेवू? तुम्हीच सांगा."

"लायसन म्हणा न जी!" मनकर्णा कुजबुजली.

रुपरावांनी छताकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. तेवढ्यात रांगेतले तीन रोगी तपासून झाले, तरी त्यांचा विचार चालूच. लग्न ठरवतानाही या माणसाने एवढा विचार केला नव्हता.

"साहेब," शेवटी ते म्हणाले, "संत्र्याचा हंगाम होयेपर्यंत लायसन, अन् मंग परमिट, असं नाही का जमत?"

डॉक्टरांनी 'व्यसनी?' या रकान्यात 'होय' लिहिलं आणि कागद मनकर्णापुढे सरकवला. "साक्षीदाराची सही लागेल."

रुपरावांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं. आजवर तिनेच तर निभावून नेलं होतं.

"ट्रक दारात येईस्तोवर घास उतरत नाही माह्या गळ्याखाली," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. पदराने ते पुसून तिने पेन घेतला. "करतो जी सही. मांगची तरी कुठं खोटी होती!"